दीड हजारांचा रिमोट

ड्रोन बनवायला निघालेल्या कॉलेजच्या पोरांचं बजेट बहुतेक वेळा एकाच जागी अडतं: रिमोट. फ्रेम प्लायवूडची कापता येते, मोटरी वर्गणी काढून घेता येतात, प्रॉपेलर तुटणारच हे गृहीत धरून स्वस्तातले आणले जातात. पण सहा-आठ चॅनलचा बरा ट्रान्समीटर आणि त्याच्या जोडीचा रिसिव्हर म्हटला की चार-पाच हजार एकदम सुटतात. मग कुणीतरी म्हणतं, आपणच बनवू. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठला, तर या रिमोटचं सगळं सामान दीड हजारांच्या आसपास पिशवीत पडतं.

हा लेख त्या पिशवीबद्दल आहे. अशा वस्तूकडे ‘जुगाड’ म्हणून बघायची आपल्याला सवय लागली आहे. माझं म्हणणं असं, की घरी रिमोट बनवताना प्रत्येक सुट्या भागापाशी थांबून एक प्रश्न सोडवावा लागतो: इथे पैसे वाचवले तर काय बिघडेल? काही ठिकाणी उत्तर येतं, काहीच नाही. काही ठिकाणी येतं, कुणाच्या तरी डोक्यावर किलोभर वजन पडेल. हा फरक ओळखता येणं हेच इंजिनिअरिंग, आणि ते शिकायला या पिशवीइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही.

रिमोट नेमकं काय करतो

चार पंख्यांचा ड्रोन नुसत्या माणसाच्या हातांनी हवेत तोलता येत नाही. त्याच्या पोटात फ्लाइट कंट्रोलर नावाचा छोटा बोर्ड असतो. तो जायरोस्कोपकडून दर सेकंदाला शेकडो, आधुनिक बोर्डांत हजारो वेळा फिरण्याचा वेग विचारून घेतो आणि चारही मोटरींचा वेग सतत कमी-जास्त करत राहतो. रिक्षात मागे बसलेला प्रवासी ‘पुढच्या चौकातून डावीकडे घ्या’ एवढंच सांगतो, हँडल रिक्षावाल्याच्या हातात असतं. रिमोटचं काम त्या प्रवाशाचं आहे.

सांगायच्या गोष्टी मुख्यतः चारच. वर-खाली जाण्यासाठी थ्रॉटल, स्वतःभोवती वळण्यासाठी यॉ, पुढे-मागे झुकण्यासाठी पिच आणि डाव्या-उजव्या बाजूला कलण्यासाठी रोल. शिवाय मोटरी चालू-बंद करण्याची परवानगी देणारं एक बटण, ज्याला या छंदातले सगळे ‘आर्म स्विच’ म्हणतात. प्रत्येक इच्छा एका आकड्यात मावते: १००० म्हणजे एक टोक, २००० म्हणजे दुसरं टोक, १५०० म्हणजे मध्य. हे आकडे मायक्रोसेकंदांचे आहेत. जुन्या रेडिओ-नियंत्रित विमानांतल्या सर्व्हो मोटरला एक ते दोन मिलिसेकंद लांबीचा विजेचा ठोका देऊन कोन सांगत. विमानं बदलली, रेडिओ बदलले, पण तो आकडा टिकून आहे.

म्हणजे रिमोट बनवायचा तर कामं तीनच उरतात. बोटांची हालचाल आकड्यात बदलायची, आकडे हवेतून पाठवायचे आणि पलीकडे ते फ्लाइट कंट्रोलरला समजतील अशा रूपात त्याच्या हाती द्यायचे.

ही स्वस्ताई आली कुठून

पिशवीतला प्रत्येक भाग दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी जन्माला आला, आणि तिथे तो एवढ्या प्रचंड संख्येने खपला की छंदवाल्यांच्या आवाक्यात आला.

बोटांखालची जॉयस्टिक व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरसाठी बनली. रेडिओचा चिप, एनआरएफ२४एल०१ प्लस, नॉर्वेच्या नॉर्डिक सेमिकंडक्टर या कंपनीचा. बिनवायरचे माऊस, कीबोर्ड असल्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून तो आखला गेला. मेंदूचं काम करणारा आर्डुइनो नॅनो हा बोर्ड ज्या प्रकल्पातून आला, तो इटलीतल्या इव्रेआ गावच्या डिझाइन शिक्षणसंस्थेत २००५च्या सुमारास सुरू झाला. यंत्रं समजत नाहीत असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वस्तात काहीतरी बनवून बघता यावं, हा त्यामागचा हेतू. त्याचे नकाशे सर्वांना खुले आहेत, म्हणूनच तपकीर गल्लीत त्याच्या प्रती दोन-तीनशे रुपयांत मिळतात.

छंदाच्या ड्रोनचा इतिहासही असाच उसनवारीचा आहे. २०१०च्या आसपास पसरलेल्या मल्टीवी या फ्लाइट कंट्रोलर प्रकल्पाने निन्टेन्डोच्या वी या गेम कन्सोलच्या हातातल्या कंट्रोलरमधले जायरो काढून ड्रोनवर बसवले होते. आज वापरात असलेल्या बीटाफ्लाइटपर्यंत येणारी परंपरा त्याच वळणाची: काम उघडं ठेवायचं, दुसऱ्याने ते पुढे न्यायचं. आपल्याकडे सर्वसामान्य प्रेक्षकाने चार पंख्यांचं यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा २००९च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये. ते मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आयडियाफोर्जने बनवलं होतं.

स्टिक, स्लायडर आणि ‘बी’ अक्षर

जॉयस्टिकच्या आत दोन पोटेन्शिओमीटर असतात, साधारण दहा किलोओहमचे. स्टिक हलली की मधल्या टोकावरचं व्होल्टेज शून्य ते पाचच्या दरम्यान सरकतं आणि आर्डुइनो ते ० ते १०२३ अशा आकड्यात वाचतो. कागदावर मध्यबिंदू ५१२ यायला हवा. पन्नास-साठ रुपयांच्या जॉयस्टिकवर तो ४९५ येईल, नाहीतर ५३० येईल, आणि सोडून दिल्यावर दर वेळी जरा वेगळ्या जागी थांबेल. ड्रोनला हा फरक ‘किंचित डावीकडे सरकत राहा’ असा ऐकू येतो.

इथे पैसे वाचवले तर चालतं, कारण दोष प्रोग्रॅममध्ये भरून काढता येतो. रिमोट चालू करताना प्रत्येक स्टिकचं किमान, मध्य आणि कमाल मूल्य मोजून साठवायचं. मध्याभोवती एक छोटा पट्टा ठेवायचा, ज्याच्या आतली हालचाल शून्यच धरायची. लागोपाठची काही वाचनं घेऊन सरासरी काढायची. तीन-चारशे रुपये जास्त मोजून मिळणारी अचूकता इथे दहा-बारा ओळींत मिळते.

थ्रॉटलचं मात्र वेगळं. बाकी तिन्ही दिशांना बोट उचललं की स्टिक मध्यावर परत यायला हवी. थ्रॉटल जिथे ठेवला तिथेच राहायला हवा, नाहीतर अंगठा जरा ढिला पडताच मोटरींची ताकद मनाविरुद्ध बदलते. गेमच्या जॉयस्टिकमध्ये दोन्ही अक्षांना परत आणणारी स्प्रिंग असल्याने एका अक्षापुरती ती काढणं किचकट जातं. त्यावर सोपा उपाय म्हणजे जुन्या इक्वलायझरवर असतो तसा सरकता स्लायडर.

स्लायडर घेताना त्यावर छापलेलं अक्षर बघून घ्यावं. ‘बी १० के’ म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा. ‘ए १० के’ आवाज कमी-जास्त करण्यासाठी असतो, आणि कानाच्या सवयीला धरून तो वाकड्या प्रमाणात बदलतो. दिसायला दोन्ही सारखे, किंमतही सारखीच. पण ‘ए’ जोडला तर अर्ध्या रस्त्यापर्यंत ड्रोन जमीन सोडणार नाही आणि पुढच्या बोटभर अंतरात उसळी मारेल. ही निवड फुकट असते, फक्त माहीत असावी लागते.

रेडिओला भूक लागते तेव्हा

एनआरएफ२४ दोन रूपांत मिळतो. एक छोटा, बोर्डावरच नागमोडी अँटेना छापलेला, शंभर रुपयांच्या आतबाहेर. दुसरा शक्तिवर्धक जोडलेला, बाहेर दांडीची अँटेना असलेला, दोन-अडीचशेच्या घरातला. रिमोटमध्ये मोठा आणि ड्रोनवर छोटा, अशी जोडी सहसा लावतात.

घरगुती रिमोटमधला सर्वांत सामान्य रोग इथेच जडतो. छोट्या मॉड्यूलला पूर्ण शक्तीने पाठवताना अकरा-बारा मिलिअँपिअर पुरतात. मोठ्याला पाकीट, म्हणजे आकड्यांचा एक गठ्ठा, पाठवण्याच्या क्षणी शंभराच्या वर लागतात. नॅनो बोर्डावरची ३.३ व्होल्टची पिन फार तर पन्नास मिलिअँपिअर देते, स्वस्त प्रतींवर त्याहूनही कमी. मग रेडिओ टेबलावर नीट चालतो आणि मैदानात अडखळतो. मुलं प्रोग्रॅम तपासत बसतात, लायब्ररी बदलतात, मॉड्यूल नकली म्हणून फेकून देतात. खरं कारण असतं त्या निमिषात खाली बसणारं व्होल्टेज.

उपाय तीस रुपयांच्या आत आहे. ३.३ व्होल्टचा स्वतंत्र रेग्युलेटर लावायचा, एएमएस१११७ सहज मिळतो. रेडिओच्या अगदी पायांशी दहा ते शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करायचा, त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा. कपॅसिटर जवळ हवा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावला तर मधल्या तारेतच त्याचा उपयोग संपतो. मॉड्यूलच्या वीजपुरवठ्याच्या पिनला पाच व्होल्ट चुकूनही देऊ नयेत; चिपची मर्यादा ३.६ आहे.

खोका मात्र पुठ्ठ्याचा असला, लाकडाचा असला, जेवणाच्या डब्याचा असला तरी ड्रोनला काही फरक पडत नाही. टोचायच्या जंपर वायरी चालत नाहीत, त्या हादऱ्याने सुटतात; प्रत्येक जोड सोल्डरचाच हवा. सेलही नवे, चांगल्या नावाचे आणि संरक्षक सर्किट असलेले घ्यावेत. लिथियमच्या सेलपाशी वाचवलेले शंभर रुपये हातातच पेटू शकतात.

गर्दीच्या हवेत आपली वाट

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची सामायिक जागा. भारतात २००५च्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढा भाग कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. एनआरएफ२४ला मात्र २४०० ते २५२५ पर्यंत एकेक मेगाहर्ट्झच्या अंतराने १२६ चॅनल दिसतात. वायफायची गर्दी टाळायला शंभराच्या वरचा चॅनल निवडा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो आपल्याकडे लागू नाही. ८२च्या पुढे गेलो की परवानामुक्त पट्टा संपतो आणि आपण दुसऱ्या कुणाच्या तरी हक्काच्या जागेत शिरतो. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला की हा प्रश्न मिटतो, आणि तो बदलायलाच हवा.

दुसरी काळजी पत्त्याची. प्रत्येक पाकिटावर पाच बाइटचा पत्ता असतो आणि रिसिव्हर आपल्या पत्त्याचीच पाकिटं उघडतो. शिकवणीच्या नमुना प्रोग्रॅममध्ये एक पत्ता लिहिलेला असतो आणि तो जसाच्या तसा उतरवला जातो. एकाच कॉलेजच्या दोन गटांनी तोच पत्ता आणि तोच चॅनल ठेवला, तर एकाच्या स्टिकवर दुसऱ्याचा ड्रोन उठू शकतो. पूर्वी क्रिस्टलवर चालणाऱ्या रेडिओंच्या काळात परदेशातल्या मैदानांवर यासाठी फळी असे. फळीवरची त्या फ्रीक्वेन्सीची चिमटी ज्याच्या हातात, त्यानेच रेडिओ चालू करायचा. आज ती शिस्त प्रोग्रॅममध्ये घालावी लागते.

तिसरी गोष्ट वेगाची. हा चिप सेकंदाला २५० किलोबिट, एक मेगाबिट आणि दोन मेगाबिट अशा तीन वेगांनी बोलतो. नवख्याला वाटतं, जास्त वेग चांगला. पण २५० किलोबिटला तो उणे ९४ डीबीएमपर्यंतचा क्षीण सिग्नल ऐकू शकतो, दोन मेगाबिटला उणे ८२ पर्यंतचाच. हा बारा डेसिबलचा फरक मोकळ्या जागेत चौपट अंतराएवढा होतो. आपलं आठ बाइटचं पाकीट सगळ्यात हळू वेगानेही अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास निघून जातं. सेकंदाला पन्नास पाकिटं पाठवली तरी हवा बहुतांश वेळ मोकळीच. हळू बोलावं, दूरपर्यंत ऐकू जातं.

एकाच चॅनलवर बसून न राहता सतत उड्या मारत जाणं हा त्यापुढचा टप्पा. ही कल्पना रेडिओने चालवायच्या यंत्रासाठीच पुढे आली होती. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत जे पेटंट मिळालं, ते शत्रूला जाम करता येऊ नये अशा टॉर्पेडो नियंत्रणाचं होतं. पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ फ्रीक्वेन्सी आणि दोन्ही टोकांना एकाच लयीत फिरणारी छिद्रांची कागदी गुंडाळी, अशी ती रचना. आज विकत मिळणारे जवळजवळ सगळे चांगले रिमोट याच तत्त्वाच्या वंशातले. नॅनोवरही हे करता येतं: दोन्ही बाजूंना चॅनलची एकच यादी ठेवायची, दर पाकिटाला पुढच्या चॅनलवर जायचं आणि लागोपाठ काही पाकिटं चुकली तर रिसिव्हरने एका ठरलेल्या चॅनलवर थांबून वाट बघायची.

सिग्नल गेल्यावर

आता ज्या जागेसाठी हा सगळा लेख लिहिला तिथे येऊ.

ड्रोनवरच्या रिसिव्हरमध्येही एक नॅनो असतो. तो काय करतो ते बारकाईने बघा. तो रेडिओला विचारतो, पाकीट आलं का? आलं असेल तर त्यातले आकडे आपल्या जवळच्या खणांत भरतो. मग ते खण वाचून फ्लाइट कंट्रोलरला एका तारेवरून ठोक्यांची माळ पाठवतो. या पद्धतीला पीपीएम म्हणतात. थ्रॉटल, यॉ असे आठ आकडे (त्यांनाही चॅनलच म्हणतात) २२.५ मिलिसेकंदांच्या एका फेरीत बसतात. फेरी संपली की पुन्हा विचारतो, पाकीट आलं का?

नाही आलं तर? नमुना प्रोग्रॅममध्ये याचं उत्तर पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. खणांत शेवटचे आकडे तसेच राहतात. नॅनो ते इमानाने वाचत राहतो आणि ठोक्यांची माळ अखंड चालू ठेवतो. शेवटच्या क्षणी स्टिक वर आणि पुढे असेल, तर ड्रोन वर आणि पुढे जात राहतो. फ्लाइट कंट्रोलरमध्ये सिग्नल गेल्यास काय करायचं याची स्वतःची व्यवस्था असते, त्याला फेलसेफ म्हणतात. पण त्याच्यापर्यंत ठोके व्यवस्थित पोहोचत असल्याने त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. मधला आपला नॅनोच त्याला फसवत असतो.

दुरुस्ती चार ओळींची. प्रत्येक पाकीट आल्यावर घड्याळाची वेळ नोंदवायची. शेवटच्या पाकिटाला अर्धा सेकंद उलटला की ठोक्यांची माळच थांबवायची. मग फ्लाइट कंट्रोलरला सिग्नल गेल्याचं कळतं आणि तो आपला फेलसेफ चालवतो: आपण ठरवून ठेवलं असेल त्याप्रमाणे ड्रोन हळू उतरवतो किंवा मोटरी बंद करतो. जोडीला नॅनोतला वॉचडॉग टायमर चालू ठेवावा, म्हणजे प्रोग्रॅम कुठे अडकलाच तर बोर्ड आपोआप नव्याने सुरू होईल.

मोटरी बंद झाल्या तर ड्रोन पडेल, मोडेल, महिन्याभराची मेहनत मातीत जाईल. तरीही मोकळ्या मैदानात पडलेला ड्रोन हा वस्तीकडे निघून गेलेल्या ड्रोनपेक्षा नेहमीच बरा. आपल्या पैशांपेक्षा अनोळखी माणसाचं डोकं महत्त्वाचं, हे मूल्य शेवटी या चार ओळींतच लिहिलं जातं. विकतच्या रिमोटमध्ये ते दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी आधीच ठरवलेलं असतं. घरच्या रिमोटमध्ये ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

उडवण्याआधी

पहिली चाचणी प्रॉपेलर काढूनच. मोटरी फिरवायच्या आणि रिमोट बंद करायचा. आपण ठरवलेला फेलसेफ थोड्याच वेळात लागू झाला तर पुढे जायचं. मग थ्रॉटल वर ठेवून रिमोट चालू करून बघायचा. अशा स्थितीत ड्रोन आर्म व्हायला नको.

दुसरी चाचणी अंतराची, तीही जमिनीवरच. एनआरएफ२४ची शक्ती उणे १८, उणे १२, उणे ६ आणि शून्य डीबीएम अशा चार पायऱ्यांनी बदलता येते. रिमोटमध्ये छोटं मॉड्यूल असेल तर ते सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायचं आणि सिग्नल तुटेपर्यंत चालत जायचं. पूर्ण शक्तीला मोकळ्या जागेत त्याच्या सुमारे आठपट अंतर मिळायला हवं. उडवताना त्याच्या निम्म्यातच राहायचं, कारण झाडं, भिंती आणि आपलं स्वतःचं शरीरही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखू नये. दांडीच्या टोकाच्या दिशेलाच सिग्नल सगळ्यात कमी असतो.

नॅनोऐवजी एटीमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड वापरला तर आणखी एक सोय होते. संगणकाला जोडल्यावर तो जॉयस्टिक म्हणून ओळखला जातो आणि घरी सिम्युलेटरवर हात बसवता येतो. थोडे जास्त पैसे जातात, पण वाचलेल्या प्रॉपेलरमध्ये वसूल होतात.

आणि कायदा. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ वर्गात. नॅनो ड्रोनसाठी आणि धंद्याशिवाय उडवलेल्या मायक्रोसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण कुठे उडवायचं याचे नियम सर्वांना सारखे आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का हे आधी बघावं. तिथेही साधारण चारशे फुटांची मर्यादा आहे. पुण्याला लोहगावचा हवाई तळ आहे, मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. पहिला ड्रोन २५० ग्रॅमच्या आत ठेवावा. हलकं यंत्र पडलं तरी कमी लागतं.

शाळेतल्या कपाटातलं सामान

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करताना बुद्धी घडते, या विश्वासावर तिथलं शिक्षण उभं राहिलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅब चळवळीची परदेशातली अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा २००२ साली याच गावात आली. आज केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे देशभरातल्या हजारो शाळांत आर्डुइनो आणि सेन्सर पोहोचले आहेत. म्हणजे या लेखातलं बरंचसं सामान अनेक शाळांच्या कपाटात आधीच आहे.

त्याचं काय करायचं, हे शिक्षकांनी ठरवायचं आहे. तयार ड्रोन आणून स्नेहसंमेलनात उडवला की टाळ्या मिळतात, आणि त्यातही आनंद आहेच. पण रिमोट मुलांच्या हातून बनवून घेतला तर गणित, भौतिकशास्त्र आणि नागरिकशास्त्र एका टेबलावर येतात. ‘बी १० के’चा स्लायडर समप्रमाण शिकवतो, कपॅसिटर वीज शिकवतो, ८२ हा चॅनल सामायिक जागेत कसं वागायचं ते शिकवतो. गुण द्यायचे असतील तर ड्रोन किती उंच गेला यावर देऊ नयेत. मुलांना एकच प्रश्न विचारावा: तुझा रिमोट आत्ता बंद पडला तर तुझं यंत्र काय करेल? ज्या मुलीला याचं उत्तर येतं आणि जी ते सगळ्यांसमोर करून दाखवते, तिने दीड हजारांत जे कमावलं ते पाच हजारांच्या डब्यात बंद होऊन येत नाही.